मावशींच्या वह्या : एका ख्रिस्ती गृहिणीच्या आणि समुपदेशिकेच्या स्मरणाचे प्रकरण

अहिल्यानगरच्या, म्हणजे जुन्या अहमदनगरच्या, एका ख्रिस्ती वस्तीत ८४ वर्षांच्या बाई वारल्या. मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, लहानथोर सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून इथेही मावशीच. त्यांनी नोकरी कधी केली नाही. शिक्षक नवरा, चार मुले, सासू-सासरे आणि गेली चाळीसेक वर्षे दुपारच्या वेळी स्वयंपाकघरात येऊन बसणाऱ्या बायका, एवढा त्यांचा संसार. समुपदेशनाची पदवी नाही, दारावर पाटी नाही, फी नाही. त्यांच्या माघारी घरात १९ वह्या, आंतरदेशीय पत्रांनी भरलेला बिस्किटांचा डबा आणि अजूनही वाजणारा मोबाइल राहिला. घरच्यांना आणि महिला मंडळाला तीन गोष्टी करायच्या होत्या : दफनविधीच्या भक्तीत, म्हणजे उपासनेत, वाचायचा जीवनपट, महिन्याने आठवण-सभा आणि सोळा पानांची स्मरणिका.

हे प्रकरण रचलेले आहे. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत अशा वेळी जे हमखास घडते ते एका घरात आणून मांडले आहे. कायदे आणि साल खरे आहेत, माणसे कोणा एका घरची नाहीत.

या कामातली खरी अडचण लेखनाची नाही. मावशींचे सर्वांत मोलाचे काम उघडपणे सांगता येत नाही, कारण त्यांनी ते झाकून ठेवले म्हणूनच त्याला मोल होते. त्यामुळे कोणाचे काय झाले हे सोडून द्यायचे आणि मावशी काय करत, कशा करत एवढेच धरायचे. घरच्यांना ही गोष्ट उमगायला तीन आठवडे गेले, आणि तोवर दोन चुका होऊन गेल्या होत्या.

पहिले दोन दिवस

मृत्यूची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर तासाभरात गेली आणि तिच्यातच पहिला घोळ झाला. थोरल्या मुलाने आधार कार्डावरून जन्मतारीख घातली : १ जून. महाराष्ट्रात त्या पिढीतल्या असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती सोयीने टाकलेली असते. मावशींचा बाप्तिस्मा मात्र त्याच वर्षीच्या मार्चमध्ये झाल्याची नोंद मंडळीच्या दप्तरात होती. म्हणजे कागदोपत्री जन्माआधीच बाप्तिस्मा! अशा वेळी तीन कागद समोर ठेवावेत : बाप्तिस्म्याची नोंद, शाळा सोडल्याचा दाखला आणि १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली ठेवलेली लग्नाची नोंदवही. लग्नाच्या नोंदीत वय आणि वडिलांचे नाव असते, त्यामुळे माहेरचे आडनावही पक्के होते. महानगरपालिकेत मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. तिथे आधारवरची तारीखच चालवावी, नाहीतर पेन्शन आणि बँकेच्या कागदांत पुढे गाठी पडतात. जीवनपटात मात्र दप्तरातली तारीख घ्यावी.

कबरीवरच्या दगडाची घाई तर मुळीच करू नये. नगरकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नव्या कबरीची माती एक पावसाळा बसू द्यावी, मगच पाया घालून दगड बसवावा, नाहीतर तो वर्षभरात कलतो. तेवढ्या काळात तारखेचा वादही मिटतो.

वृत्तपत्राच्या निधनवार्तेसाठी मजकूर देताना ‘ख्रिस्तवासी’ हा शब्द ठळक लिहून द्यावा. नाहीतर सवयीने ‘कै.’ छापून येते आणि मग आठवडाभर घरात तीच चर्चा चालते.

दफनविधीच्या भक्तीत एकच जीवनपट, तोही पाच मिनिटांचा, असे पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, सुचवले होते. ते योग्यच होते. मस्कतहून मुलगी येईपर्यंत शवपेटी बर्फावर होती, उन्हाळा होता आणि कब्रस्तानात सावली नव्हती. तरी पाच जणांना ‘दोन शब्द’ बोलायला दिले गेले, आणि ही पहिली चूक. प्रत्येकी तीन मिनिटे ठरली, बोलले सरासरी बारा. दफनाच्या दिवशी साक्षी, म्हणजे मंडळीपुढे सांगायचे स्वतःचे अनुभव, ठेवूच नयेत हे आमचे ठाम मत आहे. त्या दिवशी बोलणारा विचार करून बोलत नाही, आणि मावशींच्या बाबतीत विचार न करता बोलणे कोणाच्या तरी अंगाशी येणारच होते.

जीवनपट, ज्यात मावशी नाहीत

मुलाने रात्री बसून लिहिलेला जीवनपट साधारण ४८० शब्दांचा होता. त्यात नवऱ्याची शाळा, बदल्या, निवृत्ती, मग चार मुलांची शिक्षणे, नोकऱ्या, परदेश, मग नातवंडे. मावशी कर्ता असलेली वाक्ये सात, आणि त्यांतल्या चारांत त्या ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’, ‘प्रार्थनाशील’ होत्या. ही विशेषणे त्या वस्तीतल्या कोणत्याही बाईला लावता आली असती. यात मुलाचा दोष फारसा नाही. नोकरदाराच्या आयुष्याला तारखा असतात, गृहिणीच्या आयुष्याला दिनक्रम असतो, आणि आपल्याला तारखांवरून लिहायची सवय आहे. लक्ष्मीबाई टिळकांसारख्या, त्याही नगरशी जोडलेल्या, एखाद्या बाईने आपले आयुष्य स्वतः लिहून ठेवले. बाकीच्यांचे मागे राहिलेल्यांनाच लिहावे लागते.

दुरुस्ती सोपी आहे, फक्त बसून करावी लागते. प्रत्येक वाक्याचा कर्ता मावशी आहेत का ते पाहायचे. नसतील तर वाक्य वळवायचे किंवा काढायचे. ‘त्यांच्या मुलांनी उच्च शिक्षण घेतले’ याच्या जागी ‘शिकवणीच्या फीसाठी त्यांनी नऊ वर्षे वस्तीतल्या मुलींचे परकर-पोलकी शिवली’ असे वाक्य आले. ते सुनेला ठाऊक होते, मुलाला नव्हते. म्हणून विचारायचे ते आधी सुनांना, मग मुलींना, शेवटी मुलांना. प्रश्न दिनक्रमाचे हवेत : पहाटे किती वाजता उठत, पाणी कुठून आणि किती घागरी, एका वेळी पंगतीला किती माणसे, महिन्याचा किराणा कोण लिही, पैसे कुठे ठेवत. नाताळच्या फराळाचा प्रश्न हमखास विचारावा, कारण त्यावर सगळे बोलतात आणि बोलताबोलता इतर गोष्टी निघतात. मावशींकडे करंज्यांसाठी पाच किलो मैदा भिजे, आणि त्यातला तिसरा हिस्सा नाताळच्या आदल्या दिवशी सात-आठ घरी जाई. कोणत्या घरी, हे मात्र लिहायचे नाही. त्या घरांत त्या वर्षी फराळ का झाला नव्हता हे वस्तीला चटकन आठवते.

शास्त्रपाठ निवडतानाही थोडे थांबावे. वडीलधाऱ्या बाईसाठी बायबलमधले नीतिसूत्रे ३१, सद्गुणी स्त्रीचे वर्णन, ठरलेलेच असते, आणि ते वाचले की बाई सद्गुणांच्या यादीत हरवते. इथे महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी प्रेषितांची कृत्ये ९ मधला तबीथेचा भाग सुचवला. तबीथा वारल्यावर यापो गावातल्या विधवा प्रेषित पेत्रापुढे रडत उभ्या राहतात आणि तिने शिवलेले कपडे त्याला दाखवतात. तिच्या गुणांचे वर्णन करण्यापेक्षा वस्तू पुढे करतात. त्या एका वचनाने पुढच्या सगळ्या कामाला वळण लागले.

पद्धत कशी गोळा केली

सेक्रेटरीबाई आणि धाकटी मुलगी अशा दोघींनी तीन आठवड्यांत अकरा बायकांशी बोलून घेतले. भेट एकेकीची, जागा तिने सांगावी ती, वेळ पाऊण तासापेक्षा जास्त नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग केले नाही. एरवी वृद्धांच्या आठवणी रेकॉर्ड कराव्यात असेच आम्ही सांगू, पण इथे आवाज हीच ओळख होती. टिपणे हाताने काढली, वर नाव घातले नाही. आणि प्रश्न असे ठेवले की उत्तरात बाईची स्वतःची हकीकत यायची गरजच पडू नये : आत गेल्यावर कुठे बसवायच्या? पहिला प्रश्न काय विचारायच्या? हातात काय काम असायचे? कधी उठवायच्या, कशा? कोणाकडे पाठवायच्या? काय कधीच म्हणाल्या नाहीत?

पहिल्या दोन भेटी फुकट गेल्या, कारण सुरुवात ‘मावशींनी तुम्हाला कशी मदत केली?’ या प्रश्नाने झाली. एक बाई रडू लागली, दुसरी गप्प बसली. प्रश्न बदलल्यावर अकरा जणींची उत्तरे इतकी जुळली की एक पद्धतच समोर उभी राहिली.

मावशी समोरासमोर बसत नसत. शेजारी बसत, मध्ये तांदळाचे किंवा डाळीचे ताट आणि दोघींचे हात निवडण्यात. डोळे खाली राहिले की तोंड उघडते. वेळ दोन ते चार. भांडी झालेली, पुरुष कामावर, मुले शाळेत. साडेचारला नळ येई, त्यामुळे ‘चल, आता पाण्याची वेळ झाली’ म्हणून बोलणे थांबवता येई आणि समोरचीला हाकलून दिल्यासारखे वाटत नसे. ज्यांना समुपदेशनाचे प्रशिक्षण देतात त्यांना वेळेची चौकट पाळा असे सांगावे लागते. मावशींची चौकट नगरपालिकेने घालून दिली होती.

पहिला प्रश्न ‘जेवलीस?’ दुसरा ‘तू इथं आलीस हे घरी कोणाला ठाऊक आहे?’ या दुसऱ्या प्रश्नाकडे नीट पाहावे. ती बाई घरी गेल्यावर काय सांगणार याची तजवीज मावशी आधी करत आणि मग ऐकायला बसत. निघताना हातात वाटीभर विरजण किंवा लोणच्याची फोड असे, म्हणजे ‘कुठं गेली होतीस?’ला उत्तर तयार. अकरापैकी आठ जणींनी ही वाटी सांगितली. तिचे खरे कारण मात्र तिघींनाच कळले होते. बाकीच्यांना ते मावशींचे अगत्य वाटत होते.

ऐकून झाल्यावर मावशी ते आपल्या शब्दांत परत सांगत आणि विचारत, ‘असंच ना?’ सल्ला पहिल्या भेटीत जवळजवळ नसे. बायबल शेवटी येई, तेही एकच वचन, आणि चिठ्ठीवर फक्त संदर्भ लिहिलेला : ‘स्तोत्र ३४:१८’. चिठ्ठी कोणाच्या हाती लागली तरी त्यातून काही कळू नये. एका घरच्या दोघींना एका दिवशी कधी येऊ दिले नाही. सासू आणि सून दोघी वेगवेगळ्या येत असल्या तर एकीला दुसरीचा पत्ता लागू दिला नाही.

प्रार्थनेबाबत त्यांचा नियम कडक होता, आणि तो स्मरणिकेत सविस्तर घेतला हे चांगले झाले. मंडळ्यांमध्ये गुपित फुटते ते चहाडीतून कमी आणि ‘प्रार्थनेच्या विषया’तून जास्त. बुधवारच्या सभेत कोणीतरी कळकळीने म्हणते, ‘आपल्या एका बहिणीच्या घरी अमुक अडचण आहे, तिच्यासाठी प्रार्थना करू या,’ आणि रविवारपर्यंत बहीण कोण ते सगळ्यांना कळलेले असते. हेतू चांगला असतो म्हणून कोणी टोकतही नाही. मावशी त्या बाईसाठी तिच्यासमोरच, चार वाक्यांत प्रार्थना करत आणि ती गोष्ट सभेत कधीही नेत नसत.

पुढे पाठवण्याचे नियमही ठरलेले होते. आठ-पंधरा दिवस झोप नाही, मरणाची भाषा, कानात आवाज येणे, बाळंतिणीने बाळाला जवळ न घेणे : यांतले काही दिसले की त्याच दिवशी डॉक्टरकडे, आणि मावशी स्वतः सोबत. ‘प्रार्थना कर, बरं वाटेल’ हे अशा वेळी त्या म्हणाल्याचे एकीलाही आठवले नाही.

साक्ष कुठे घसरते

आठवण-सभेसाठी सहा साक्षी ठरल्या. दफनविधीच्या अनुभवानंतर त्या आधी लिहून मागवल्या, प्रत्येकी १५० शब्द, आणि दोघींनी वाचल्या. सहापैकी चार जशाच्या तशा वाचल्या गेल्या असत्या तर कोणाचे तरी घर उघडे पडले असते. एक नमुना, तपशील बदलून :

‘१९९८ साली आम्ही छापखान्यामागच्या चाळीत राहत होतो. माझ्या थोरल्या जावेला नवरा फार मारायचा. एका रात्री मी तिला मावशींकडे घेऊन गेले. मावशींनी तिला दोन रात्री ठेवून घेतले आणि दिरांची कानउघाडणी केली.’

यात नाव कुठेच नाही, म्हणून बोलणारीला वाटले की सगळे झाकलेले आहे. पण साल, जागा आणि नाते या तीन खुणा एकत्र आल्या की दोनशे घरांच्या वस्तीत नावाची गरजच उरत नाही. दुसरे म्हणजे ही हकीकत जावेची आहे, हिची नाही. जाऊ सभेत बसलेली असणार, दीरही. नियम करायचा तर असा : साक्ष स्वतःपुरती, आणि साल, जागा, नाते यांपैकी एकच खूण. स्वतःची हकीकत सांगतानाही त्यात नवरा, सासू, मुलगा येतातच. ते हयात असतील तर त्यांच्यासमोर ते वाक्य म्हणता येईल का, हे आधी स्वतःला विचारावे.

वरची साक्ष शेवटी अशी झाली : ‘रात्री-अपरात्री दार वाजले तर मावशी ‘कोण?’ विचारत, ‘का?’ विचारत नसत. आत घेत, चहा टाकत, अंथरूण घालत. सकाळी विचारत, ‘आता तुझ्या मनात काय आहे?’ आणि ती सांगेल ते ऐकून मग पुढचे बोलत.’ घटना गेली आणि मावशी जास्त स्पष्ट दिसू लागल्या. सहाही साक्षींत हेच झाले. कोणाच्या साक्षीला अशी कात्री लावणे जिवावर येते, बोलणारीला राग येतो, ‘माझ्या देवाची साक्ष आहे’ असे ऐकावे लागते. तरीही लावावी.

सभेत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती बसण्याची. मावशींकडे येणाऱ्या काही बायकांना घरच्यांइतकेच दुःख झालेले असते, पण ‘तू का एवढी रडतेस?’ला त्यांच्याकडे उत्तर नसते. नातेवाईक पुढे, मंडळी मागे अशी व्यवस्था केली की त्या एकट्या पडतात. महिला मंडळाने सगळ्या बायकांना एकत्र बसवले आणि गाणी त्यांच्याकडे दिली. गाताना रडण्याचे कारण कोणी विचारत नाही.

वह्या, डबा आणि मोबाइल

वह्या सापडल्या तेव्हा थोरल्याला त्या स्कॅन करून स्मरणिकेत ‘आईच्या लेखणीतून’ असे सदर करायचे होते. धाकटीला सगळे जाळायचे होते. पाळकसाहेबांनी मंडळीच्या इतिहासासाठी त्या पाहायला मागितल्या. तिघांचेही चुकत होते. पाळकांना नकार देणे जड गेले, पण वह्यांतली निम्मी माणसे त्यांच्या पुढच्या बाकांवर बसतात.

पहिल्या दिवशी फक्त मोजणी केली, वह्या पिशवीत घालून तोंड शिवले. मग नगरबाहेरची, ही मंडळी न ओळखणारी एक प्रशिक्षित समुपदेशिका बोलावली. घरच्यांपैकी कोणी वाचायचे नाही, ती धाकट्या मुलीसमोर फक्त वाटे पाडणार, असे ठरले. तीन वाटे झाले. हिशेब, पाककृती आणि मावशींचे स्वतःचे मनन असलेल्या सात वह्या घरात राहिल्या. त्या स्मरणिकेला पुरून उरल्या. बारा वह्या भेटींच्या निघाल्या : तारीख, आद्याक्षर, वचनाचा संदर्भ, कधी एखादी ओळ. तिसरा वाटा पत्रांचा.

भेटींच्या वह्या नष्ट करायच्या, पण लगेच नाही. आपल्या पुराव्याच्या कायद्यात वकील-अशिलाला आणि नवरा-बायकोला जे संरक्षण आहे ते पाळकाला किंवा समुपदेशकाला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही नाही. म्हणजे अशी वही कोर्ट मागवू शकते, आणि पुढे पुरावा होईल हे ठाऊक असताना ती मुद्दाम नष्ट करणे गुन्हा ठरू शकतो. लहान मुलाच्या लैंगिक छळाची गोष्ट कळली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवावीच लागते. ती जबाबदारी कळलेल्या कोणाचीही असते. म्हणून त्या समुपदेशिकेने शेवटच्या दोन वर्षांच्या दोन वह्या वाचल्या, वकिलाचा सल्ला घेतला, आणि अडकाठी नाही म्हटल्यावर बाराही वह्या संपवल्या.

संपवण्यातही चुका होतात. रद्दीत तर कधीच घालू नयेत, पाने भेळेच्या पुड्यांतून वस्तीत परत येतात. जाड वही बंद ठेवून जाळली तर कडा जळतात आणि मधली पाने वाचता येतील अशी शिल्लक राहतात. शिवण उसवून दहा-वीस पानांचे जुडगे करून जाळावेत आणि राख काठीने मोडावी. कागद कापण्याचे यंत्र वापरायचे तर आडवे-उभे दोन्ही कापणारे हवे, नुसत्या पट्ट्या जोडता येतात. जाळण्याआधी ‘आठवणीपुरता एक फोटो’ कोणीही काढायचा नाही.

पत्रांचा कागद ज्याला आला त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणारीचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो लिहिणारीच्या मृत्यूनंतरही तिच्या वारसांकडे राहतो. त्यामुळे पत्रातली ओळ छापायला तिची परवानगी लागते, आणि परवानगी मागणे म्हणजेच गुपित उकरणे. छापू नयेत. परत द्यायची तर टपालाने नाही, कारण ते पाकीट नवरा किंवा सून उघडते. धाकटीने ओळखीच्या बायकांना एकांतात विचारले, ‘तुझं काही आईकडं राहिलंय, देऊ का मोडू?’ बहुतेकींनी मोडायला सांगितले. ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांची वह्यांबरोबर गेली.

मोबाइलकडे मात्र कोणाचे लक्ष नव्हते, आणि ही दुसरी चूक. तो चौथ्या दिवशी नातवाच्या हातात गेला होता. मावशी गेल्याचे न कळलेल्या दोन बायकांचे संदेश त्याने पडद्यावर वाचले. तो चांगला मुलगा, काही बोलला नाही. पण तोवर वाचून झाले होते. अशा घरात फोन पहिल्या दिवशीच एका जबाबदार बाईकडे द्यावा, पडद्यावर संदेश दिसणे बंद करावे, सिम किमान तीन महिने चालू ठेवावे आणि येणाऱ्या प्रत्येकीला एकच ठरलेले उत्तर द्यावे : मावशी गेल्या, तुझा संदेश पुसला आहे, बोलायचे असेल तर अमुक ठिकाणी ये.

‘सहन कर’

अकरांपैकी दोघींनी मावशींबद्दल कडवट सांगितले. दोघी ऐंशीच्या दशकात गेल्या होत्या, मार खाऊन. दोघींना उत्तर मिळाले : सहन कर, परत जा. एक म्हणाली, ‘त्यांच्यावर माझं प्रेम आहे, पण ते मी विसरले नाही.’ मुलीला हे लिहायचे नव्हते.

ते लिहावे, आणि त्याबरोबर काळही लिहावा. १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली ख्रिस्ती बाईला नुसत्या क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मिळत नव्हता. नवऱ्याचा व्यभिचार सिद्ध करायचा आणि त्याच्या जोडीला क्रूरता किंवा टाकून देणे दाखवायचे. नवऱ्याला मात्र नुसता बायकोचा व्यभिचार पुरे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही असमानता मोडली आणि २००१ च्या दुरुस्तीने कायदाच बदलला. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला ऑक्टोबर २००६ मध्ये. त्याआधी नगरच्या वस्तीतून बाई उठवली तर ठेवायची कुठे, याचे उत्तर मावशींकडे नव्हते. हे सांगितल्याने त्यांचा सल्ला बरोबर ठरत नाही. तो त्या दोघींना महागात पडला.

२००७ नंतर गेलेल्या बायकांनी वेगळेच सांगितले : मावशी या नव्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचे कार्यालय कुठे आहे ते सांगत, अर्जासाठी कागद कोणते लागतील ते लिहून देत, दागिने आणि रेशनकार्ड आधी कुठे ठेवायचे तेही सांगत. पासष्टी ओलांडलेल्या बाईने आपला सल्ला बदलला होता. स्मरणिकेत हे एका परिच्छेदात आले, दोघींपैकी कोणाचीही खूण न देता. थोरल्याने तो परिच्छेद दोनदा काढला, सेक्रेटरीबाईंनी दोनदा परत घातला.

छपाई

स्मरणिका ए-फाइव्ह आकाराची, पाने चाराच्या पटीत : सोळा पानांना चार ए-फोर कागद, वर वेगळे जाड मुखपृष्ठ. बारा पॉइंटच्या देवनागरीत पानाला सव्वादोनशे-अडीचशे शब्द बसतात, त्या हिशेबाने लेख मागवावेत. छापखान्यात युनिकोड मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलला की रफार आणि जोडाक्षरे फुटतात, म्हणून मुद्रितशोधन त्या बदलानंतर करावे. जुने फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करावेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. ओळखू न येणाऱ्या माणसाचे नाव अंदाजाने घालू नये.

मुखपृष्ठासाठी निवडलेला फोटो सुंदर होता : मावशी ओट्यावर बसलेल्या, भोवती पाच बायका, ताटात तांदूळ. तो वगळला. कोण कोण येत होते त्याची ती यादीच होती. त्याच फोटोतले ताट आणि मावशींचे हात तेवढे कापून घेतले.

बुधवारी कुठे जायचे

या सगळ्यात सर्वांत आधी करायचे काम सर्वांत शेवटी झाले. मावशी गेल्या तेव्हा पाच-सहा बायका अर्ध्या वाटेवर होत्या. त्यांची यादी कोणाकडे नव्हती, असायलाही नको होती. महिला मंडळाने दुसऱ्या महिन्यात जाहीर केले की मावशींकडे येणाऱ्या बहिणींसाठी दोन बायका बुधवारी दोन ते चार चर्चच्या आवारातल्या खोलीत बसतील. फळ्यावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक लिहिले. टेलिमानसवर मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

सहा आठवडे कोणीही आले नाही. खोलीचे दार थेट आवारात उघडे, समोर पाळकांचे घर आणि शाळेची वाट. आत जाणारी बाई वस्तीला दिसे, आणि तिच्या हातात परत नेण्यासारखे काही नसे. सातव्या आठवड्यात त्या दोघींपैकी एकीच्या मागल्या दाराच्या स्वयंपाकघरात बसायला सुरुवात झाली. बाहेर शिवणकामाची पाटी लावली आणि कपाटात अल्टरेशनचे कपडे ठेवले. त्या बुधवारी एक बाई ब्लाउज घेऊन आली.